कार्यालये खाली, घरे वर: लाकडी इमारतीचे नियोजन करताना निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावेत

खाली कार्यालये आणि वर राहती घरे अशी इमारत लाकडात बांधायची असेल, तर आराखड्याची सुरुवात दर्शनी भागापासून करू नये. कार्यालयाचा शेवटचा मजला आणि त्याच्यावरचे पहिले घर यांच्यामध्ये जी तक्तपोशी येते, तिच्यापासून सुरुवात करावी. इमारतीतले सगळे अवघड प्रश्न या एका पातळीवर एकत्र येतात. खांबांमधली अंतरे इथे बदलतात, घरांतले सांडपाण्याचे नळ इथे आडवे वळवावे लागतात, रात्री रिकाम्या पडणाऱ्या कार्यालयात लागलेली आग वर झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचू न देण्याची जबाबदारी इथेच असते, आणि मुलाच्या हातून पडलेल्या खेळण्याचा आवाज खालच्या बैठकीत ऐकू जाणार की नाही हेही इथेच ठरते. ही तक्तपोशी आधी नीट सुटली, तर बाकीची इमारत तिच्या मागोमाग येते. ती शेवटी सोडवायला घेतली, तर झालेले प्रत्येक काम पुन्हा उघडावे लागते.

पुढचे विवेचन चार ते बारा मजल्यांच्या इमारती डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. याहून उंच लाकडी इमारती झाल्या आहेत आणि काही ठिकाणी त्यांचा दाखला मी घेणार आहे; पण पहिल्यांदाच लाकडाकडे वळणाऱ्या मालकाने आणि वास्तुविशारदाने त्यांच्याशी स्पर्धा करण्याचे कारण नाही.

लाकूड शाश्वत केव्हा ठरते

लाकूड वापरले म्हणजे इमारत आपोआप पर्यावरणपूरक झाली, ही समजूत पहिल्याच बैठकीत दूर करावी. हिशेब साधा आहे. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे निम्मे वजन कार्बनचे असते. स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडाच्या एका घनमीटर लाकडाचे पूर्ण कोरडे वजन ४२० किलो धरले, तर त्यात २१० किलो कार्बन असतो, आणि तो झाडाने हवेतून घेतलेल्या सुमारे ७७० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. हा आकडा जाहिरातीत फार शोभून दिसतो. मात्र हा कार्बन इमारतीत केवळ ठेवीसारखा राहतो. लाकूड कुजले, जळले किंवा तीस वर्षांनी पाडून टाकले, की ठेव मोडते. म्हणून कार्बनचा हिशेब मांडताना लाकडात साठलेला कार्बन आणि उत्पादन, वाहतूक, गोंद, उभारणी यांतून होणारे उत्सर्जन हे दोन वेगळे रकाने ठेवावेत आणि एकातून दुसरा वजा करून एकच सुंदर आकडा दाखवण्याचा मोह टाळावा. इमारतींच्या जीवनचक्राच्या मूल्यमापनाची युरोपीय मानकेही जैविक कार्बन स्वतंत्रपणे नोंदवायला सांगतात.

खरेदीच्या वेळी लाकडाच्या उगमाचा प्रमाणित साखळी-दाखला, म्हणजे जंगलापासून आपल्यापर्यंत लाकूड कोणाकोणाच्या हातून आले याचा दाखला, मागावा. १९९३ मध्ये स्थापन झालेली एफएससी आणि १९९९ मध्ये सुरू झालेली पीईएफसी या वन-प्रमाणनाच्या दोन व्यवस्था जगभर ओळखल्या जातात. दाखला कारखान्याच्या नावाने असून चालत नाही. आपल्या इमारतीसाठी आलेल्या मालाच्या बिलावर आणि वाहतूक-पत्रावर त्याचा क्रमांक असला पाहिजे. तो क्रमांक जुळवून पाहायला दहा मिनिटे लागतात आणि तरीही हे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते.

सगळ्यांत मोठी बचत मात्र लाकूड कमी वापरण्यात आहे. जिथे १६० मिलिमीटर जाडीचा लाकडी फलक पुरतो तिथे आधाराचे अंतर वाढवून २२० मिलिमीटरचा फलक वापरणे ही जंगलाची उधळपट्टी आहे, मग ते जंगल कितीही चांगले जोपासलेले असो.

सांगाडा: घरांच्या भिंती आणि कार्यालयांचे खांब

सांगाड्यासाठी मुख्यतः दोन प्रकारचे लाकूड लागते. पहिले ग्लुलॅम, म्हणजे एकाच दिशेने ठेवलेल्या फळ्या चिकटवून केलेले खांब आणि तुळया. जर्मनीत ओटो हेट्झर यांनी वक्र ग्लुलॅमचे पेटंट १९०६ मध्ये घेतले, त्यामुळे हे तंत्र शंभर वर्षांहून जुने आहे. दुसरे सीएलटी, म्हणजे एकमेकींना काटकोनात ठेवलेल्या फळ्यांच्या तीन, पाच किंवा सात थरांचा मोठा फलक. तो १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनीत विकसित झाला आणि त्यानेच बहुमजली लाकडी इमारतीचा मार्ग मोकळा केला. थर आडवे-उभे असल्यामुळे हा फलक ओलाव्याने लांबी-रुंदीत फारसा फुगत किंवा आकसत नाही आणि भिंत म्हणूनही तितकाच कामाला येतो.

कार्यालयाला मोकळी जागा हवी असते, म्हणून तिथे ग्लुलॅमचे खांब आणि तुळया योग्य. घरांना अनेक भिंती लागतात, त्या आवाज अडवणाऱ्याही हव्या असतात, म्हणून तिथे सीएलटीच्या भिंती भार घेऊ शकतात. या दोन पद्धती एकावर एक ठेवायच्या, तर घरांमधल्या विभाजक भिंती कार्यालयाच्या तुळयांच्या रेषेवरच उतरल्या पाहिजेत. म्हणून आधी घराची रुंदी ठरवावी. घर ६.६ मीटर रुंद असेल, तर कार्यालयाच्या खांबांमधले अंतरही ६.६ मीटर ठेवावे. कार्यालयाच्या आतल्या मांडणीला हे अंतर पुरेसे पडते. उलट क्रमाने गेल्यास, म्हणजे कार्यालयाला आधी ९ मीटरचे अंतर दिल्यास, वरच्या भिंतींचा भार वळवण्यासाठी अवाढव्य तुळया लागतात आणि लाकडाची सगळी काटकसर त्या एका मजल्यावर संपते.

कार्यालयाच्या तक्तपोशीची जाडी बहुधा ताकदीवर ठरत नाही, कंपनावर ठरते. माणूस चालताना जमीन थरथरते, आणि लाकूड हलके असल्यामुळे ती थरथर टेबलावर बसलेल्याला जाणवते. युरोकोड ५ या लाकडी रचनांच्या युरोपीय मानकामध्ये निवासी जमिनींसाठी ८ हर्ट्‌झ (सेकंदाला ८ कंपने) ही उंबरठ्याची वारंवारता धरली आहे; त्याखाली गेल्यास खास तपासणी करावी लागते. आराखड्याच्या पहिल्या टप्प्यात एक जुना ठोकताळा उपयोगी पडतो: दोन टोकांना टेकलेल्या तुळईची वारंवारता ही १८ भागिले, स्थायी, म्हणजे कायम असणाऱ्या, भाराने येणाऱ्या आणि मिलिमीटरमध्ये मोजलेल्या झुकावाचे वर्गमूळ, इतकी येते. म्हणजे ८ हर्ट्‌झ हवे असतील, तर झुकाव ५ मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. हा आकडा पहिल्याच दिवशी समोर ठेवला, तर सात-आठ मीटर अंतरावर साधा फलक का पुरत नाही आणि त्यावर काँक्रीटचा पातळ थर जोडून संमिश्र जमीन का करावी लागते, हे मालकाला लगेच कळते.

आता उंचीतल्या आकसण्याविषयी. लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, पण तंतूंना आडव्या दिशेने ओलाव्याच्या प्रत्येक एक टक्का घटीमागे सुमारे पाव टक्का आकसते. भिंत, तिच्यावर जमिनीचा फलक, त्या फलकावर पुन्हा भिंत, अशा पद्धतीने आठ मजले रचले आणि प्रत्येक फलक १६० मिलिमीटर जाडीचा असला, तर भाराच्या वाटेत आडव्या तंतूंचे एकूण १२८० मिलिमीटर लाकूड येते. कारखान्यातून निघताना १२ टक्के असलेला ओलावा राहत्या इमारतीत ८ टक्क्यांवर आला, की एवढ्यानेच इमारत सुमारे १३ मिलिमीटर खाली बसते, आणि भाराखाली दबण्याचा हिशेब त्याहून वेगळा. शेजारी जिन्याचा आणि लिफ्टचा काँक्रीटचा शाफ्ट मात्र तितका खाली येत नाही. परिणामी सगळ्यांत वरच्या मजल्यावर लिफ्टच्या उंबऱ्याशी पायरी तयार होते आणि उभ्या नळांचे सांधे ताणले जातात. उपाय दोन आहेत. खांबावर खांब थेट टेकेल, जमिनीचा फलक मध्ये चिरडला जाणार नाही, असा पोलादी सांधा करावा. व्हँकुव्हरच्या ब्रॉक कॉमन्स या १८ मजली विद्यार्थी-निवासात खांब असेच एकमेकांवर बसवले आहेत. आणि नळ, डक्ट व आवरण यांच्या प्रत्येक मजल्यावरच्या सांध्यात हालचालीला जागा ठेवावी.

काँक्रीटच्या एका घनमीटरचे वजन सुमारे २४०० किलो असते आणि सीएलटीचे सुमारे ४८० किलो. वजन कमी म्हणून पाया लहान होतो आणि भूकंपाचा जोरही कमी लागतो. पण वाऱ्याला हे हलकेपण मानवत नाही. नॉर्वेतील ब्रुमुंडाल येथे २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या म्योसटॉर्नेट या १८ मजली, ८५.४ मीटर उंच इमारतीत कार्यालये, हॉटेल आणि घरे अशी सरमिसळ आहे. तिच्या वरच्या मजल्यांच्या जमिनी मुद्दाम काँक्रीटच्या ठेवल्या, कारण वाऱ्याने होणारे डोलणे राहणाऱ्यांना जाणवू नये यासाठी वर वजन हवे होते. शुद्ध लाकडाचा हट्ट धरणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. तळघर, पाया, जमिनीलगतचा मजला आणि पुष्कळदा जिन्याचा शाफ्ट इथे काँक्रीट वापरणे हा पराभव नाही. प्रत्येक वस्तूला तिच्या जागी ठेवणे आहे.

मधली तक्तपोशी, थरांनी

नुसता पाच थरांचा सीएलटी फलक हवेतून येणारा आवाज ४० डेसिबलच्या आसपास अडवतो. घराघरांमध्ये ५० डेसिबल किंवा त्याहून अधिक अपेक्षा असते, आणि पावलांचा, खुर्ची ओढल्याचा आवाज तर याहून त्रासदायक. फलक जाड करत नेल्याने हे अंतर भरून निघत नाही; त्यासाठी वजन आणि स्प्रिंग यांची जोडी हवी. म्हणजे कडक लाकडावर वजनदार थर, त्यावर मऊ थर, आणि त्यावर पुन्हा वजनदार थर.

खालून वर पाहिले तर चांगली रचना साधारण अशी असते. सर्वांत खाली कार्यालयाचे लवचीक आधारांवर टांगलेले जिप्समचे छत. त्यावर १८० ते २०० मिलिमीटरचा सीएलटी फलक. त्यावर ६० ते ८० मिलिमीटर बारीक खडीचा भराव, जो वजन देतो आणि ज्यात पातळ नळ्याही लपतात. त्यावर ३० ते ४० मिलिमीटरचा, पावलांच्या आवाजासाठीच बनवलेला खनिज-लोकरीचा मऊ थर. त्यावर ६० ते ८० मिलिमीटरचा कोबा, जो कोठेही भिंतीला किंवा लाकडाला टेकत नाही आणि अक्षरशः तरंगतो. आणि शेवटी फरशी. या सगळ्याची जाडी ३५० ते ४०० मिलिमीटर होते. ती मजल्याच्या उंचीत आधीच धरली नाही, तर पुढे ती कार्यालयाच्या छताच्या उंचीतून कापली जाते.

कोब्याच्या कडेला भिंतीलगत फोमची पट्टी लावतात. या पट्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण हजारो रुपयांचा मऊ थर याच बोटभर पट्टीपाशी वाया जातो. पट्टी कोब्याच्या वर चार-पाच सेंटिमीटर आलेली असते. फरशी बसवणाऱ्याला ती आड येते, म्हणून तो ती कोब्याच्या पातळीला आधीच कापून टाकतो. मग फरशीचा मसाला कडेच्या फटीत उतरतो, घट्ट होतो आणि कोबा भिंतीशी जोडला जातो. त्या क्षणापासून वरची प्रत्येक टाच भिंतीमार्गे खाली ऐकू येते. फरशी बसवून, सांधे भरून, ते वाळल्यानंतरच पट्टी कापावी, आणि हे वाक्य कंत्राटातच लिहावे. तोंडी सूचना चौथ्या खोलीपर्यंत टिकत नाही.

आवाज फक्त जमिनीतून जात नाही, तो भिंतींच्या कडेनेही वाट काढतो. म्हणून भिंत आणि फलक यांच्यामध्ये, भारानुसार निवडलेली रबरासारखी लवचीक पट्टी द्यावी आणि एका घरातून दुसऱ्या घरात जमिनीचा फलक सलग नेऊ नये. तो विभाजक भिंतीवर तोडावा. या लवचीक पट्टीतून आरपार जाणारा प्रत्येक स्क्रू आवाजाचा पूल बनतो, तेव्हा संरचना अभियंता आणि ध्वनितज्ज्ञ यांनी स्क्रूंची संख्या एकाच टेबलावर बसून ठरवावी. हे दोघे वेगवेगळ्या खोल्यांत काम करतात तेव्हा एक जण नेमका दुसऱ्याचे काम निष्फळ करत असतो.

एक प्रामाणिक पर्यायही आहे. ही एकच पातळी सरळ काँक्रीटच्या स्लॅबची करावी. आवाज, आग, पाणी आणि भार वळवणे, हे चारही प्रश्न एका थरात सुटतात. घरांची आणि कार्यालयांची खांबव्यवस्था जुळवणे शक्य नसेल, तर मी हाच मार्ग सुचवेन. वरचे सगळे मजले तरीही लाकडाचे राहतात.

आग

जाड लाकूड जळते, पण सावकाश आणि अंदाज बांधता येईल अशा गतीने जळते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला लाकडाचा कोळसा होऊ लागतो आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला उष्णतेपासून झाकतो. युरोकोड ५ नुसार ग्लुलॅमसाठी जळण्याची गती मिनिटाला ०.७ मिलिमीटर धरतात, आणि त्याच्या आतले तापून दुबळे झालेले लाकूड म्हणून आणखी ७ मिलिमीटर वजा करतात. २८० मिलिमीटर रुंद आणि ६०० मिलिमीटर उंच तुळई तीन बाजूंनी उघडी आहे आणि ती ९० मिनिटे टिकायला हवी, असे समजू. ९० मिनिटांत ६३ मिलिमीटर जळतात, ७ मिळवले की ७० होतात. दोन्ही बाजूंनी ७० आणि खालून ७० वजा केल्यावर १४० मिलिमीटर रुंद आणि ५३० मिलिमीटर उंच तुळई शिल्लक राहते. ही उरलेली तुळई आगीच्या वेळचा भार पेलते का, एवढाच प्रश्न मग उरतो.

खरा धोका तुळईत नसून सांध्यात असतो. पोलाद सुमारे ६०० अंशांना निम्म्याहून अधिक ताकद गमावते, आणि पोलादी पट्टी उघडी असेल तर ती आगीची उष्णता लाकडाच्या गाभ्यात नेते. म्हणून पट्टी तुळईच्या पोटात खाचेत बसवावी, आणि वरच्या उदाहरणात तिच्यावर चारी बाजूंनी किमान ७० मिलिमीटर लाकूड राहील अशी रचना करावी; खिळ्यांची आणि बोल्टांची डोकीही लाकडी बुचांनी झाकावीत. तुळई आणि खांब यांच्यातली बोटभर फटही आगरोधक पट्टीने बंद केली पाहिजे, कारण ज्वाळा तिथूनच आत शिरते.

लाकूड किती उघडे ठेवायचे, हा मालकाच्या हौसेचा आणि अग्नि-अभियंत्याच्या काळजीचा कायमचा वाद आहे. उघडे लाकूड आगीला इंधन पुरवते; समोरासमोरच्या किंवा लगतच्या दोन भिंती आणि छत असे सगळेच उघडे असेल, तर सामान जळून गेल्यावरही आग शमत नाही, कारण पृष्ठभाग एकमेकांना तापवत राहतात. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेच्या २०२१ च्या आवृत्तीत १८ मजल्यांपर्यंत लाकडी इमारतींना वाट करून दिली आहे, पण त्या सर्वांत उंच वर्गात सांगाड्याचे लाकूड पूर्ण झाकावेच लागते. माझे मत असे: कार्यालयाचे छत उघडे ठेवावे, तिथे माणसे जागी असतात आणि लाकडाचे सौंदर्यही तिथेच अधिक जणांना दिसते, घरांतले लाकूड मात्र जिप्सम बोर्डाच्या दोन थरांखाली ठेवावे, फार तर बैठकीच्या खोलीची एक भिंत मोकळी सोडावी. अपवाद एकच, मधली तक्तपोशी. तिची कार्यालयाकडची बाजू झाकावीच, कारण रात्री खाली कोणी नसताना लागलेल्या आगीची खबर मिळेपर्यंतचा वेळ त्या झाकणानेच मिळतो. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा स्फटिकात बांधलेले पाणी असते. ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत मागच्या लाकडाचे तापमान चढत नाही.

स्प्रिंकलर दोन्ही वापरांच्या मजल्यांवर हवेत. घरांचा जिना आणि कार्यालयांचा जिना वेगळा हवा. आग लागल्याची सूचना मात्र एकत्रित हवी, म्हणजे कार्यालयातला धूर घरांतली घंटा वाजवेल. फलक चिकटवणारा गोंद उष्णतेत टिकणारा आहे याचा चाचणी-अहवाल कारखान्याकडून मागावा. गोंद सुटला तर जळालेला थर गळून पडतो आणि आगीला ताजे लाकूड मिळते. तसेच नळ आणि तारा जिथे फलकातून आरपार जातात तिथली आगरोधक भरणी सीएलटीमध्येच तपासलेली असावी. काँक्रीटमध्ये उत्तीर्ण झालेली भरणी लाकडात चालेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे, कारण लाकडातले भोक जळताना मोठे होत जाते आणि भरणी सैल पडते.

सर्वांत असुरक्षित काळ बांधकामाचा असतो. स्प्रिंकलर सुरू झालेले नसतात, जिप्सम चढलेले नसते, आणि वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात. दोन-तीन मजल्यांपेक्षा जास्त सांगाडा झाकल्याशिवाय पुढे जाऊ नये, पाण्याची उभी वाहिनी सांगाड्याबरोबरच वर चढवावी आणि ठिणगी उडवणारे काम लेखी परवान्याशिवाय होऊ देऊ नये.

पाणी

लाकडी इमारत आगीपेक्षा पाण्याने जास्त वेळा बिघडते, आणि ती गुपचूप बिघडते. ओलावा दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला संधी मिळते. फलकाच्या सपाट पृष्ठभागावर पडलेले पाणी पुसता येते. पण कापलेल्या टोकाशी, जिथे तंतूंची तोंडे उघडी असतात, तिथे लाकूड पाणी स्ट्रॉसारखे ओढून घेते. म्हणून सर्व टोके कारखान्यातच मेणासारख्या लेपाने बंद करून मागवावीत, फलकांमधले सांधे बसवल्या दिवशीच चिकटपट्टीने झाकावेत, आणि नळांसाठी पाडलेली भोके रात्री उघडी राहू नयेत.

उभारणीच्या काळात खांबाच्या तळाशी जाऊन पाहावे. पोलादी बैठकीच्या खोबणीत पाऊस साचतो, खांबाचे टोक त्यात बुडलेले असते, वरचे लाकूड मात्र कोरडे दिसते. ओलावा-मापकाच्या सुया छातीच्या उंचीवर टोचल्या तर १३ टक्के दाखवतात. त्याच सुया तळापासून दोन बोटांवर टोचल्या की आकडा २५ च्या पुढे जातो. बैठकीला पाणी निघून जाण्याचे भोक ठेवले असते तर हे झालेच नसते. माप नेहमी सर्वांत वाईट जागी घ्यावे, ते मजला आणि खांब यांच्या क्रमांकासह नोंदवावे, आणि ओलावा १५ ते १६ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय कोणत्याही लाकडावर कोबा, जिप्सम किंवा जलरोधक थर चढवू नये. वेळापत्रक कितीही मागे पडले असले तरी हा नियम मोडू नये, कारण झाकलेले ओले लाकूड पुढे वाळत नाही.

इमारत वापरात आल्यावरचे पाणी न्हाणीघरातून येते. इथे मिश्र वापराच्या इमारतीला एक खास सोय करून घेता येते: घरांची न्हाणीघरे आणि स्वयंपाकघरे एकाखाली एक ठेवावीत, आणि कार्यालयाच्या मजल्यावर त्यांच्याखाली मार्गिका, स्वच्छतागृहे किंवा सामानाच्या खोल्या याव्यात. कामाची टेबले किंवा सर्व्हरची खोली त्यांच्याखाली कधीही नसावी. न्हाणीघराखाली दोन जलरोधक थर द्यावेत: एक फरशीखाली, दुसरा थेट लाकडावर. खालचा थर एका बारीक नळीकडे उतरता ठेवावा आणि त्या नळीचे तोंड मार्गिकेत दिसेल अशा जागी काढावे. त्या तोंडातून पडणारा पहिला थेंब सांगतो की वरचा थर फुटला आहे. ती नळी नसेल, तर हीच बातमी काही वर्षांनी मऊ पडलेल्या लाकडातून कळते.

जमिनीजवळ नियम सोपा आहे. लाकडाचा कोणताही भाग बाहेरच्या जमिनीपासून किमान २०० मिलिमीटर वर, काँक्रीटच्या जोत्यावर असावा, आणि जोते व लाकूड यांच्यामध्ये ओल अडवणारा थर असावा. वाळवीचा प्रदेश असेल तर पायापासूनच भौतिक अडथळा घालावा आणि जोत्याची बाहेरची कड तपासणीसाठी मोकळी ठेवावी. तिथे कुंड्यांची रांग लावू देऊ नये.

कारखाना आणि उभारणी

फलक कारखान्यात संगणकाच्या आज्ञेवर दोन-तीन मिलिमीटरच्या अचूकतेने कापले जातात. हे वरदान आहे, पण त्याची किंमत अशी की खिडकी, दार, नळ आणि तारांचे प्रत्येक भोक कापणीपूर्वी नक्की झालेले असावे लागते. काँक्रीटच्या कामात स्लॅब पडल्यावर प्लंबर येतो; इथे प्लंबरने वास्तुविशारदाइतक्याच लवकर टेबलावर बसावे. साइटवर करवतीने पाडलेले भोक आगीचा, आवाजाचा आणि ताकदीचा हिशेब एकाच वेळी बिघडवते.

या तयारीचे फळ उभारणीत मिळते. लंडनच्या मरे ग्रोव्ह येथे २००९ मध्ये पूर्ण झालेल्या नऊ मजली निवासी इमारतीचा लाकडी भाग चार सुतारांनी २७ कामाच्या दिवसांत उभा केला; ब्रॉक कॉमन्सचा लाकडी सांगाडा ७० दिवसांच्या आत वर गेला. एवढ्या वेगासाठी ट्रकवर फलक ज्या क्रमाने लागणार त्याच्या उलट क्रमाने भरलेले हवेत आणि साइटवर त्यांचा साठा होता कामा नये. सांधे शक्यतो स्क्रू आणि बोल्टांचे ठेवावेत, म्हणजे उद्या कार्यालयाचा मजला घरांत बदलायचा झाला किंवा इमारत उतरवायची झाली, तर फलक अखंड निघतील. प्रत्येक फलकाचा क्रमांक, लाकडाची जात आणि सांध्याचे चित्र यांची एक वही मालकाकडे राहिली पाहिजे.

ताबा दिल्यानंतर

इमारत सोपवताना मधल्या तक्तपोशीत, न्हाणीघरांखाली आणि छताच्या पाणी वाहून नेणाऱ्या कोपऱ्यांत ओलाव्याचे संवेदक कायमचे बसवावेत आणि त्यांची पहिली नोंद त्याच दिवशी घ्यावी. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी ती वाचावी. आकडा सावकाश उतरून ८ ते १० टक्क्यांवर स्थिरावला, तर लाकूड आपल्या घरात रुळले असे समजावे. एखाद्या संवेदकाचा आकडा इतरांबरोबर न उतरता स्थिर राहिला किंवा वर गेला, तर तक्रार येण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात त्याच्यावरच्या न्हाणीघराची तपासणीची झडप उघडून पाहावी.